विश्लेषण : आजार पोटाचा की मनाचा? चार्ल्स डार्विन यांच्या चाळीस वर्षांच्या दुखण्याचे कोडे काय आहे?

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन ऐन तारुण्यापासून उलट्या, गॅस, छातीतील धडधड आणि कारण सापडत नाही अशी धास्ती यांनी बेजार होते. इंग्लंडमधील नामवंत डॉक्टरांना त्यांच्या आजाराचे नाव सांगता आले नाही. दीडशे वर्षांनंतरही त्यावर एकमत नाही. पोट आणि मेंदू यांच्या नात्यावर आज जे संशोधन सुरू आहे, त्यामुळे मात्र या जुन्या दुखण्याकडे नव्याने पाहता येते.

ऑक्सफर्डच्या सभेला डार्विन का नव्हते?

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये भर सभेत जोरदार खडाजंगी झाली. एका बाजूला बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स, दुसऱ्या बाजूला थॉमस हक्सली आणि जोसेफ हुकर. निमित्त होते सात महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालेले ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक. ज्यांनी ते लिहिले ते डार्विन मात्र सभेत नव्हते. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये, एका जलचिकित्सालयात ते पोटावर उपचार घेत होते. पुस्तक बाजारात आले त्या २४ नोव्हेंबर १८५९ रोजीही ते घरी नव्हते. यॉर्कशरमधील इल्कली येथे असेच थंड पाण्याचे उपचार सुरू होते. पुढे १८६४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना मानाचे कोपली पदक दिले, तेव्हाही प्रकृतीमुळे ते समारंभाला जाऊ शकले नाहीत. वडिलांचे १८४८ मध्ये निधन झाले, त्या अंत्यविधीलाही आजारपणामुळे ते वेळेवर पोहोचले नाहीत.

आयुष्यातील मोठा प्रसंग आला की पोट बिघडणार, हे त्यांच्या घरात जणू ठरलेलेच होते. पण प्रसंग नसतानाही पोट बिघडत असे, आणि खरे कोडे तिथेच आहे.

दुखण्याची सुरुवात कधी झाली?

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी येथे झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे गावातील बडे डॉक्टर. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या दुखण्याने गेली. वडिलांनी मुलाला डॉक्टर करायचे ठरवून एडिंबरोला धाडले. पण भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया पाहून तो हबकला आणि वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे केंब्रिज, आणि तिथून ‘बीगल’ जहाजाची सफर.

हे जहाज १८३१ च्या अखेरीस प्लिमथ बंदरात अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले होते. दोनदा निघून वादळामुळे परत आले. त्या दिवसांत २२ वर्षांच्या डार्विन यांना छातीत धडधड आणि दुखणे सुरू झाले. आपल्याला हृदयविकारच जडला अशी त्यांची खात्री झाली. तरी डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरने प्रवासाला मनाई केली असती. २७ डिसेंबरला जहाज निघाले आणि पाच वर्षांनी परतले. या काळात समुद्र लागणे कायमचे, पण जमिनीवर उतरल्यावर हाच माणूस अँडीज पर्वत चढत होता, घोड्यावरून दिवसचे दिवस भटकत होता. चिलीतील वाल्पाराईसो येथे १८३४ मध्ये महिनाभराहून अधिक काळ अंथरुणाला खिळले, एवढे एकच मोठे आजारपण.

धडधड परतली ती १८३७ च्या सप्टेंबरमध्ये, लंडनमध्ये. दोनच महिने आधी त्यांनी एक गुप्त वही सुरू केली होती. सजीवांच्या जाती बदलत जातात का, या प्रश्नावरची ही टिपणे होती. ज्या समाजात हा विचार म्हणजे धर्मद्रोह, त्यात ती वही उघड करणे सोपे नव्हते. सहा-सात वर्षांनी मित्र हुकर यांना हा विचार प्रथम कळवतानाही आपण खुनाची कबुली देत आहोत असे त्यांना वाटले. या भीतीमुळेच त्यांनी वीस वर्षे पुस्तक अडवून ठेवले, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. आताचे काही अभ्यासक ते मानत नाहीत. हाती आधीची कामे होती आणि पुरावे गोळा करायला वेळ लागला, असे ते दाखवून देतात. भीती होती हे खरे, पण सगळ्या आजारपणाची जबाबदारी एका वहीवर टाकणे घाईचे ठरेल.

घरातला आजार कसा होता?

लग्न १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवूड हिच्याशी झाले. १८४२ मध्ये कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात आले आणि डार्विन मरेपर्यंत तिथेच राहिले. अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर त्यांनी आरसा बसवून घेतला, घराकडे कोण येते आहे ते आधीच दिसावे म्हणून. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात पडद्याआड मोरी आणि भांडी ठेवलेली असत. काम करता करता उलटी आली तर सोय हवी. पाहुण्यांशी अर्ध्या तासाहून अधिक बोलणे झाले की रात्रीची झोप उडे. जेवणावळींना जाणे त्यांनी सोडले, कारण त्यानंतर अंगाला कापरे भरून उलट्यांचा झटका येई. एप्रिल १८६२ मध्ये लिनियन सोसायटीत आर्किडच्या फुलांवर छोटेसे भाषण केले, तर रात्रभर उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ उलटेपर्यंत अंथरुणातून उठता आले नाही.

१८६५ मध्ये डॉ. जॉन चॅपमन यांच्यासाठी त्यांनी आपल्या लक्षणांचे टिपण लिहून दिले. पंचवीस वर्षे दिवसरात्र गॅसचा जबर त्रास, अधूनमधून उलट्या. उलटीच्या आधी कापरे, रडू कोसळणे, आता जीव जातो अशी भावना, कानात घणघण, पायाखाली जमीन नसल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे ठिपके. आणि एमा घरातून बाहेर गेली की येणारी बेचैनी. आज पोटाच्या डॉक्टरने हा कागद वाचला तर पहिल्या ओळींवर बोट ठेवेल, मानसोपचारतज्ज्ञ नंतरच्या ओळींवर. गेली सत्तर वर्षे डार्विन यांच्या आजाराबाबत नेमके हेच होत आले आहे.

उपचार कोणकोणते झाले?

सर्वांत गाजले ते मॉल्व्हर्नचे डॉ. जेम्स गली यांचे जलोपचार. १८४९ मध्ये डार्विन सहकुटुंब तिथे सुमारे चार महिने राहिले. पहाटे अंगाला घाम फोडायचा, मग गार ओल्या पंचांनी खसाखसा चोळायचे, पाय थंड पाण्यात, पोटावर दिवसभर ओली पट्टी. साखर, लोणी, मसाले, डुकराचे खारवलेले मांस बंद. भरपूर चालणे आणि कामाला सक्तीची सुट्टी. होमिओपॅथीच्या औषधांवर काडीचा विश्वास नव्हता, तरी तीही निमूटपणे घेतली. गुण आला. रोज काही मैल चालू लागले. आता यातील कशामुळे गुण आला? पाण्यामुळे, साखर आणि लोणी सुटल्यामुळे, की काम आणि पत्रव्यवहार थांबल्यामुळे? हा प्रश्न डार्विन यांच्यातील शास्त्रज्ञालाही पडला असावा. घरी परतल्यावर त्यांनी बागेत थंड पाण्याच्या धारेखाली बसण्यासाठी झोपडी बांधली आणि तब्येतीची रोजनिशी सुरू केली. १८४९ ते १८५५ अशी जवळपास सहा वर्षे, रोज, दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, गॅसचे झटके किती आले याची नोंद. याच काळात ते समुद्रातील बार्नकल या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांवर तितक्याच चिकाटीने काम करत होते. एका कागदावर बार्नकल, दुसऱ्यावर स्वतःचे पोट.

मॉल्व्हर्नचे नाव मात्र पुढे त्यांना नकोसे झाले. दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली, तिलाही पोटाच्या तक्रारी होत्या. तिला मोठ्या आशेने गली यांच्याकडे नेले आणि २३ एप्रिल १८५१ रोजी ती तिथेच गेली. एमा गरोदर असल्याने घरी होती. उशाशी डार्विन होते. आपला आजार मुलांमध्ये उतरला, ही टोचणी त्यानंतर त्यांना कायम राहिली. सख्ख्या आत्ये-मामे भावंडांचे लग्न, त्याचा परिणाम तर नव्हे? वनस्पतींमधील परागीभवनावर वर्षानुवर्षे प्रयोग करणाऱ्या या माणसाला ही शंका छळत होती. दहा अपत्यांपैकी तीन लहानपणीच दगावली.

चॅपमन यांनी पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवण्याचा उपाय केला. काही उपयोग झाला नाही.

कीटकाचा चावा, दूध की पॅनिक अटॅक?

मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातील मेंडोझाजवळ डार्विन यांना एका मोठ्या काळ्या रक्तपिपासू ढेकणाने चावल्याची नोंद त्यांनीच केली आहे. हा ढेकूण ‘चागास’ नावाचा रोग पसरवतो, हे ब्राझीलमधील कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये शोधले. हा रोग वर्षानुवर्षे अंगात राहून हृदय आणि आतड्यांच्या नसा खराब करतो. १९५९ मध्ये परजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांनी दोन टोके जोडली आणि डार्विन यांना चागास होता असे सुचवले. कल्पना आकर्षक आहे, पण प्लिमथची धडधड त्या चाव्याच्या तीन वर्षे आधीची, आणि चागासने झिजत जाणारा रुग्ण म्हातारपणी सुधारत नाही. डार्विन सुधारले.

मग इतर निदाने आली. आर्सेनिकयुक्त औषधांची विषबाधा. आतड्यांना सूज आणणारा क्रोन्स आजार. जेवणानंतर दोन-तीन तासांनी त्रास वाढणे आणि एमाच्या स्वयंपाकवहीतील साय-दुधाची पक्वान्ने पाहून २००५ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी दूध न पचणे हे कारण मांडले. १९९७ मध्ये पॅनिक डिसऑर्डरचे निदान पुढे आले. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी डार्विन यांचे चरित्रच लिहिले आणि बालपणी आई गेल्यावर तिच्याविषयी घरात कोणी बोलतही नसे, त्या दाबलेल्या शोकात मूळ शोधले. ऑस्ट्रेलियातील जॉन हेमन यांनी ठरावीक काळाने उलट्यांचे सत्र सुरू होणारा आजार सुचवला.

प्रत्येक निदान काही लक्षणांना चपखल बसते आणि उरलेली बाजूला सारते. दुधाचा सिद्धांत गॅसचा उलगडा करतो, एमा बाहेर गेल्यावरच्या बेचैनीचा नाही. पॅनिक डिसऑर्डर धडधडीला नाव देतो, पण आहार बदलल्यावर महिनोन् महिने बरे का वाटे, याला त्याच्याकडे सोपे उत्तर नाही. पोट किंवा मन यांपैकी एकच आरोपी उभा करायचा, असा या साऱ्यांचा हट्ट दिसतो.

पोट आणि मेंदू यांच्यात संवाद चालतो तरी कसा?

पोटात गोळा येणे, पोटात खड्डा पडणे, पोटात कालवाकालव होणे. भीतीचा पत्ता पोटाचाच, हे मराठी भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यामागची रचना आता कळू लागली आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते. त्यात दहा कोटींहून अधिक पेशी आहेत. मेंदूने हुकूम दिला नाही तरी हे जाळे आतड्यांची हालचाल चालवू शकते. ते मेंदूशी जोडलेले असते प्रामुख्याने ‘व्हेगस’ या लांबलचक मज्जातंतूने. यातील सुमारे ८० टक्के धागे खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. मेंदू पोटाला जितके सांगतो, त्याहून अधिक ऐकतो. शिवाय आतड्यातील जिवाणू, त्यांनी तयार केलेली रसायने, रोगप्रतिकारक पेशी आणि तणावाची संप्रेरके हे आणखी मार्ग आहेत.

शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, म्हणून आनंद पोटात तयार होतो, असे मजकूर मोबाइलवर फिरत असतात. त्यात एक गफलत आहे. आतड्यातील सेरोटोनिन थेट मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातले सेरोटोनिन व्हेगसच्या टोकांना चेतवते, म्हणजे निरोप पोहोचतो, माल नाही.

जिवाणूंबाबतही उत्साह आणि पुरावा यांत अंतर आहे. २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की जन्मापासून जंतुविरहित वाढवलेले उंदीर तणावात इतर उंदरांपेक्षा जास्त संप्रेरके सोडतात आणि वेळेवर एक ठरावीक जिवाणू दिल्यास हे कमी होते. २०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे एका लॅक्टोबॅसिलस जिवाणूने उंदरांची भीती कमी झाली. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र परिणाम दिसला नाही. वाट व्हेगसचीच होती. पण तोच जिवाणू पुढे निरोगी पुरुषांना दिला तेव्हा तणावात काहीही फरक पडला नाही. तेव्हा महागड्या प्रोबायोटिकच्या डब्यावर ‘चिंतामुक्त’ असे काही छापलेले दिसले तर ही गोष्ट आठवावी.

माणसांबाबत अधिक बोलके आहे ते ऑस्ट्रेलियातील एक सर्वेक्षण. त्यात सामान्य लोकांचा १२ वर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीला पोट ठीक पण चिंता जास्त असलेल्यांमध्ये पुढे पोटाचे विकार अधिक आढळले. आणि सुरुवातीला मन ठीक पण पोट बिघडलेल्यांमध्ये पुढे चिंता आणि नैराश्य अधिक आढळले. रस्ता दुहेरी आहे. २०१६ मध्ये पोटविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसारख्या, तपासण्यांत काही न सापडणाऱ्या आजारांची व्याख्याच बदलली आणि त्यांना आतडे-मेंदू परस्परक्रियेचे विकार म्हटले.

डार्विन यांना हे सुचले होते का?

थोडेसे, आणि तेही वेगळ्या वाटेने. १८७२ मध्ये त्यांनी माणूस आणि प्राण्यांतील भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिले. त्यात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या कामाचा आधार घेऊन ते सांगतात, की मन खवळले की हृदयावर परिणाम होतो, हृदयाचा मेंदूवर, आणि पुन्हा मेंदूचा हृदयावर. ही ये-जा ज्या तंतूतून होते त्याला तेव्हा न्यूमोगॅस्ट्रिक म्हणत. तोच आजचा व्हेगस. याच पुस्तकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील त्यांचा एक प्रयोग आहे. विषारी पफ ॲडर सापासमोरच्या जाड काचेला तोंड लावून उभे राहायचे आणि सापाने झेप घेतली तरी हलायचे नाही, असा निश्चय केला. साप काचेवर आपटताच ते दोन पावले मागे उडाले. निश्चय, बुद्धी, काच, कशाचाही उपयोग झाला नाही. शरीर मनाला न विचारता घाबरते, याची इतकी सरळ नोंद करणाऱ्या माणसाला आपल्याच पोटाबद्दल हेच लागू होते असे वाटले का, हे त्या पानांत मात्र लिहिलेले नाही.

आजचा रुग्ण असता तर?

असा रुग्ण आजही जागोजागी भेटतो. रात्री छातीत धडधड, पोट फुगलेले, घरच्यांची धावपळ, ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि मग काही नाही, मनाचे खेळ आहेत असा निरोप. डार्विन यांच्या काळातही आजाराचे सोंग घेतात अशी कुजबुज होतीच. वास्तविक ‘तपासणीत काही नाही’ याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा होत नाही. दोन्ही टोकांकडून उपाय करता येतात. काही रुग्णांना ठरावीक पदार्थ आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे बंद केल्याने फायदा होतो, काहींना संज्ञानात्मक वर्तनोपचाराने. २०२३ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन या जुन्या नैराश्यविरोधी औषधाच्या अल्प मात्रेने इरिटेबल बॉवेल सिंड्रोमची लक्षणे कमी झाली. पोटाच्या तक्रारीसाठी मानसिक आजाराचे औषध लिहून दिले म्हणून चिठ्ठी फाडून टाकणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यायला हवे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. विनाकारण वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे पोटदुखणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास हे चिंतेच्या खाती टाकू नये; डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा विकारही धडधड आणि जुलाब घेऊन येतो आणि चिंतेसारखा भासतो.

अखेरच्या वर्षांत काय झाले?

वयाची साठी ओलांडल्यावर डार्विन यांचा त्रास बराच कमी झाला. डॉ. अँड्र्यू क्लार्क यांनी आखून दिलेला कडक, कोरडा आहार, मुलगा फ्रान्सिसची कामात मदत, वादळ शमल्याची जाणीव, की निव्वळ वय? कोणते कारण धरावे हे ज्याच्या त्याच्या सिद्धांतावर अवलंबून आहे. दिनक्रम मात्र तोच राहिला. सकाळी दोन टप्प्यांत काही तास काम, दुपारी घरामागच्या ‘सँडवॉक’ या वाटेवर फेऱ्या, रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. त्याचाही हिशेब ठेवलेला होता. १८७६ पर्यंत त्यांचे २७९५ विजय आणि एमाचे २४९०.

शेवटचे पुस्तक १८८१ मध्ये आले, गांडुळांवर. माती गांडुळाच्या आतड्यातून जाऊन शेतजमिनीचा वरचा थर कसा तयार होतो, याचा तो अभ्यास होता आणि तो हातोहात खपला. त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये एका मित्राच्या दारात त्यांच्या छातीत कळ आली. मार्च १८८२ मध्ये सँडवॉकवर पुन्हा आली आणि ते कसेबसे घरी पोहोचले. प्लिमथला बाविसाव्या वर्षी ज्याची धास्ती घेतली होती, तो हृदयविकार या वेळी खरोखर होता. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथील घरी, ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एमा जवळच होती.